शेवटच्या हाताची खूण

४ जानेवारी, मंगळवार

दादा,

नमस्कार. पूर्वी पत्राच्या डोक्यावर मी सबंध साष्टांग नमस्कार लिहायचे. यंदा नुसत्या नमस्कारावर भागव. अकरा वर्षं टेबलावर वाकून कंबर धरली आहे, आणखी खाली वाकवत नाही.

तुझं पत्र पोचलं, पार्सलही पोचलं. खोका झकास आहे. आतला स्पंज तर इतका मऊ, की काढून बाबांच्या स्टुलावर घातला. स्पंज कुठून आला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आतलं तुझं मासेमारीचं नवं रीळ अजून बघितलेलं नाही. दुरुस्तीची नऊ रिळं टेबलावर पडली आहेत, गिऱ्हाइकं डोक्यावर बसली आहेत, तेव्हा तुझं ते "जरा उघडून बघ आणि खरं खरं सांग" इतक्यात जमणार नाही. खरं खरं सांगणं हा आपल्या घरात पटकन होणारा प्रकार नाही.

इकडची खुशाली विचारतोस म्हणून लिहिते. बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, झोपतात आणि माझ्या चुका काढतात. डावा कान पार गेला. उजव्याने ऐकतात, पण तोही वर्षभराचा सोबती असं डॉक्टर म्हणतात. तरी रोज सकाळी माझ्या मागे येऊन बसतात. रीळ जोडून झालं की मी ते त्यांच्या उजव्या कानाशी धरते, हँडल फिरवते, आणि ते सांगतात, "मोठ्या चाकामागे आणखी एक वायसर घाल, पातळ चकतीचा." नाहीतर, "काढ तो वायसर, घुसमटतंय ते." उजव्या हाताला त्यांच्या आता काही कळत नाही. कान आहे म्हणून दुकान आहे. कान गेला की काय, ते विचारू नकोस.

उजव्या हाताची दोन बोटं तशीच, न मिटणारी. शर्टाची बटणं मी लावते. रोज सकाळी सहा. अकरा वर्षांची किती होतात ते कधी मांडून बघ, तू हुशार, कारखान्यातला मोठा डिझाइनवाला. आई असती तर तिने लावली असती, पण ती शहाणी, हे सगळं बघायच्या आधीच गेली.

तू लिहितोस, कारखाना तुला महिनाअखेरीस तीन वर्षांसाठी लांबच्या शाखेत धाडतोय, त्याआधी एकदा घरी यायचंय. "बाबांना विचार. नको म्हणाले तर नाही येणार, पण विचार तरी." वा! अकरा वर्षं विचारायला तुला तोंड नव्हतं, आणि आता माझं तोंड उसनं मागतोस.

मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तुझा विषय निघाला की बाबा उजवा हात टेबलावर ठेवतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. मग मी उठून चहा ठेवते. मला त्या हाताकडे बघवत नाही.

आणि हो, त्या संध्याकाळचं दर पत्रात काय उगाळत बसतोस? "खूप आठवून बघतो, पण क्लचला ग्रीस लावल्याचं माझ्या हाताला आठवत नाही." नसेल आठवत. हात म्हणजे काय वही आहे? क्लच तुझ्याच डोळ्यांदेखत उघडला, त्यात पिवळं ग्रीस होतं की नव्हतं? झाकणाच्या आत तुझ्या दोन रेघा होत्या की नव्हत्या? दुकानाचा नियम आपल्याकडून बाबांनी पाढ्यांसारखा घोटून घेतला होता: रिळाला शेवटचा हात ज्याचा, त्याने झाकणात आतून आपली खूण ओढायची. तुझ्या दोन रेघा, माझा ठिपका. त्या रिळात दोन रेघा होत्या. आणखी काय हवं होतं?

क्लच कोरडा ठेवायचा हे तर आपण चालायला शिकायच्या आधी शिकलो. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "क्लच म्हणजे दारावरचा राखणदार. हँडल पुढे फिरू देतो, मागे फिरू देत नाही. त्याला जाड ग्रीस चारा आणि थंडी पडू द्या, की राखणदार झोपलाच." तसा झोपला. धक्क्यावर, गारठ्यात, काठीला मोठा मासा लागलेला असताना. हँडल उलटं सुटलं, बोटांवर फटकारा बसला, बाबा दचकले आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरले ते सगळा भार त्याच हातावर घेऊन. तुला सगळं माहीत आहे. मला पुन्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

बाकी ठीक. थंडी फार आहे. तब्येतीला जप, असं लिहायची पद्धत आहे.

बाबांची मुलगी


१३ जानेवारी, गुरुवार

दादा,

बरा असशील. मी आहे तशी आहे.

उघडलं तुझं रीळ. काल दुपारी, बाबांचा डोळा लागल्यावर, चोरासारखं. आधी स्तुती करून टाकते, म्हणजे ती घशात अडकून बसणार नाही.

मोठं चाक ओतीव न घेता घडीव घेतलंस आणि दाते नंतर कापलेस, शहाणा आहेस. त्याला जुळणारं लहान चाक, पिनियन, पितळेचं, आणि दोन्ही टोकांना बेअरिंग, त्यामुळे कितीही ताण आला तरी ते मान टाकत नाही. गळाची काठी लावली, तंगुसाचा नायलॉनचा दोरा दाराच्या कडीला बांधला आणि जीव खाऊन ओढलं. कडी हलली, दाते किरकिरले नाहीत. तंगूस गुंडाळताना फिरकी सावकाश वर-खाली होते, म्हणून थरावर थर आडवा बसतो, एकात एक रुतत नाही. तंगूस ज्या बारक्या रोलरवरून वळतो, त्याला रबरी कड दिलीस. खारं पाणी पहिलं तिथेच शिरतं, आणि तिथूनच रीळ म्हातारं व्हायला लागतं, हे बाबांचं वाक्य तुझ्या लक्षात राहिलं म्हणायचं. एक खोट काढते, नाहीतर मी कसली बहीण: हँडलच्या मुठीची पिन हलकी आहे. दोन हंगामांत खुळखुळ्यासारखी वाजेल. बदल ती.

आणि फिरतं कसं, ते काय सांगू! डोळे मिटून वीस वेढे फिरवले, आपल्या जुन्या नियमाप्रमाणे. हँडल फिरतंय एवढंच कळत होतं, आत काही आहे हे कळत नव्हतं.

मग वायसर काढून एका ओळीत मांडले. सगळे मिळून सात. मोठ्या चाकामागे तीन, दोन जाड, त्यांच्या मध्ये पातळ, म्हणजे पातळ चुरगळत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, दादा. हे आपल्या टेबलावरचं आहे.

इथपर्यंत मी खूश होते. खोटं कशाला बोलू, जळत होते पण खूश होते.

पुढे क्लच. क्लचभोवती तू एक वाटी बसवली आहेस, पातळ पत्र्याची, तोंडाला रबरी कड. ती कशाला ते मला आधी कळेना. पाणी अडवायला म्हणावं तर पाण्याची वाट दुसरीकडून, आणि तिथे तू वेगळी कड दिलीच आहेस. मग मी फळीवरचा पिवळ्या ग्रीसचा डबा काढला आणि चाकांच्या खणात ग्रीस भरलं. भसाभसा, बोटाने दाबून दाबून. झाकण लावलं, रीळ दोन तास बाहेर गारठ्यात ठेवलं, मग हँडल उलटं ओढलं. तसूभर हललं नाही. उघडून बघितलं तर वाटीच्या आत कणभरसुद्धा ग्रीस नाही. क्लच कोरडा ठणठणीत.

म्हणजे आता जोडणारा कितीही गाढव असो, घाईत असो, हट्टी असो, त्याला ती चूक करताच येणार नाही. बाकीचं रीळ तू त्या वाटीभोवती नंतर बांधलंस, बरोबर ना? अकरा वर्षं लोक तुला विचारत असतील, काय करतोस, आणि तू सांगत असशील, गुळगुळीत फिरणारं, वर्षानुवर्षं टिकणारं रीळ करतोय. काय करत होतास ते मला काल कळलं. बराच वेळ मी तशीच बसून होते, ग्रीसने माखलेलं बोट वर धरून.

मग झाकण पुसलं तर आत दोन रेघा. कारखान्यातल्या रिळात कोण खूण ओढतं? आणि दोन रेघांच्या शेजारी एक ठिपका. ठिपका का काढलास, दादा? माझी खूण तू तुझ्या रिळात का ओढलीस? उलट टपाली कळव. दोन ओळी पुरेत, पण काय ते स्पष्ट लिही.

जोडून हँडल फिरवत होते तेवढ्यात बाबा उठून आले.

"कोणाचं?"

"गिऱ्हाइकाचं," मी म्हटलं.

"कानाशी आण."

आणलं. डोळे मिटून ऐकत राहिले. मग माझ्या हातातून घेतलं आणि डाव्या हाताने स्वतः फिरवलं. वीस वेढे. म्हणाले, "ज्याने बनवलंय त्याला कुणीतरी नीट शिकवलंय."

मी म्हटलं, "हो."

माझं हे 'हो' नेहमी असं वेळेवर येतं.

त्यांना विचारण्याचं राहिलंच. अजून महिना संपायचाय. पुढे लिहवत नाही, आणि चहाही उतू गेलाय.

तुझी बहीण


२२ जानेवारी, शनिवार

दादा,

नमस्कार-बिमस्कार आज राहू दे. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, कुठेतरी बस आणि वाच.

तुझं उत्तर आलं. "ठिपका तुझाच, वेडे. पातळ वायसर मध्ये ठेवायची युक्ती तुझी होती. तू नसतीस तर हे रीळ झालंच नसतं." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! मी नसते तर हे रीळ झालंच नसतं. काय लिहून बसलास ते तुला ठाऊक नाही.

मला वाटलं होतं, तुला कळलंय, आणि तो ठिपका म्हणजे तुझी बोच आहे. चोराच्या मनात चांदणं. तुला कळलेलं असतं तर बरं झालं असतं. तू शिव्या घातल्या असत्यास, मी उलट घातल्या असत्या, निदान भांडण तरी झालं असतं. पण तू कुठला घालायला शिव्या! तू माझे लाड केलेस. आता मलाच सांगायला हवं.

ग्रीस मी लावलं.

त्या संध्याकाळी तू रीळ जोडलंस, दोन रेघा ओढल्यास आणि लेथवाल्याकडे निघून गेलास. बाबांनी ते फिरवून बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आहे, पण कोरडं बोलतंय." तेही बाहेर गेले. मी एकटीच होते. एकोणीस वर्षांची होते, आणि बाबांच्या तोंडून माझ्या कामाला एकदा तरी 'चांगलं' ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं. तुला रोज मिळायचं. मला मिळायचं, "हं. ठेव तिकडे."

मी झाकण उघडलं. आवाज क्लचमधूनच येत होता, बारीक टिकटिक. ती तशीच असायची, कोरड्या क्लचची असतेच. मला ते माहीत होतं, दादा. माहीत नव्हतं असं लिहिण्याचा मोह होतोय, पण माहीत होतं. थोडंसं लावल्याने काय होतंय, असं म्हणून मी बोटभर लावलं. टिकटिक थांबली. ठिपका ओढायला सुई हातात घेतली आणि बाहेर बाबांची पावलं वाजली. मी घाईघाईने झाकण लावलं. म्हटलं, आधी त्यांना फिरवू दे, खूश झाले की सांगते, मग ठिपका त्यांच्यासमोर ओढते.

त्यांनी फिरवलं. त्यांचा तो चेहरा तुझ्या लक्षात असेल. "हां! याला म्हणतात फिरणं!" तेवढ्यात तू आलास, आणि तुझ्या पाठीवर असा धपका घातला की तू खोकलास. तू म्हणालास, "ग्रीस बसलं असेल चाकांत." मी तोंड उघडलं होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मग मला इतका राग आला, की म्हटलं मरो, नाहीच सांगत, बसा एकमेकांना शाबासकी देत. आत जाऊन रडले. शाबासकी तुझ्या नावावर गेली म्हणून रडले, आणि दुसऱ्या दिवशी दोष तुझ्या नावावर गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. भीतीने सगळं पाणी आटलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी शेजारी उभी राहून बघितलं.

अजून संपलं नाही. ग्रीसपेक्षा वाईट आहे ते पुढेच. तुला आठवतं ना, दवाखान्याच्या जिन्यात तू मला धरून विचारलंस, "चिमटे, तू समोर बसली होतीस. मला काहीच आठवत नाहीये. मी क्लचला ग्रीस लावलं का गं? तू पाहिलंस का?"

मी म्हटलं, "हो. पाहिलं."

तू मान हलवलीस. माझ्या डोळ्यांवर तुझा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास. नुसती गप्प बसले असते तर तू निदान शंका तरी धरली असतीस, बाबांशी चार शब्द भांडला असतास. माझं 'हो' ऐकलंस आणि बाबांना घरी आणल्यावर कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या त्यांना म्हणालास, "असेल. माझ्याच हातून झालं असेल." आणि त्यांनी, हाताला पट्ट्या बांधलेल्या असताना, टेबलाकडे मानेने खूण करून तुला एकच शब्द ऐकवला. "ऊठ."

तू उठलास आणि गेलास.

आता मला म्हणशील, शिक्षा मी भोगली. भोगलीस. पण मीही काही गादीवर लोळत नव्हते. माझं लग्न ठरत होतं ते मी मोडलं. बाबांना एकटं टाकवत नाही, असं सांगितलं, लोक म्हणाले काय गुणाची पोर! अकरा वर्षं गुणाची पोर म्हणून रोज सहा बटणं लावली, प्रत्येक बटणाला तो हात डोळ्यांसमोर. त्यात तुझा राग यायचा. हो, तुझाच! कशाला विश्वास ठेवलास? कशाला विचारलंस मला? एकदा तरी म्हणायचंस, चिमटे, खोटं बोलतेस. मागच्या दोन्ही पत्रांत तुला टोचून टोचून लिहिलं, ते असं होतं. ज्याचं वाटोळं केलं त्याच्यावरच चिडायला फार सोपं जातं, सवय होते.

परवा सकाळी बाबांना सांगितलं. बटणं लावता लावताच. वरून तिसऱ्या बटणाशी थांबले आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, ओरडून सांगावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

त्यांनी काय विचारलं असेल? "कोणतं ग्रीस?"

"पिवळं. जाड."

"किती?"

"बोटभर."

"कशासाठी?"

"तुम्ही म्हणालात कोरडं बोलतंय, म्हणून."

"क्लच कोरडाच बोलतो," ते म्हणाले. मग, "आणि तो कशाला म्हणाला, माझ्या हातून झालं?"

"त्याने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

उरलेली बटणं तशीच ठेवून ते टेबलाशी गेले. खालचा खण ओढला. त्यात, फडक्यात बांधलेलं, ते जुनं रीळ होतं. अकरा वर्षं त्या खणावर गुडघे टेकून मी काम करत होते, आणि मला पत्ता नव्हता. म्हणाले, "उघड." स्क्रू गंजले होते, तरी उघडले. झाकणात तुझ्या दोन रेघा. त्यांनी सुई माझ्या हातात दिली. "शेवटचा हात कोणाचा?"

"माझा."

"मग ओढ."

ओढला ठिपका. ठिपका कसला, सुई घसरली, ओरखडाच झाला. त्यांनी खिडकीपाशी नेऊन बघितला, डोळ्यांजवळ धरून. मग रीळ टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊठ."

तेच. काना-मात्रेचा फरक नाही. मनात कुठेतरी वाटत होतं की इतकी वर्षं केलं त्याचा काही विचार होईल, मुलगी आहे, बटणं लावते. नाही झाला. झाला असता तर तुझ्यावर आणखी एक अन्याय झाला असता, हे मला कळतं. तरी लागलं. फार लागलं.

त्यांना मी तेव्हाच हेही सांगितलं, की ते गिऱ्हाइकाचं रीळ तुझं आहे, आणि ती वाटी कशासाठी आहे. ते ऐकून ते टेबलाशी बसले ते आजतागायत तिथेच आहेत. तुझं रीळ पार सुटं केलंय. वाटी काढली, पुसली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "त्याला लिही."

"काय लिहू?"

त्यांनी वाटी उजेडात धरून पुन्हा एकदा फिरवून बघितली.

"लिही, वाटी चांगली आहे."

"एवढंच?" मी ओरडले, नुसत्या कानासाठी नाही. "अकरा वर्षं घराबाहेर काढलंत त्याला, आणि वाटी चांगली आहे?"

"एवढं त्याला कळेल," ते म्हणाले.

तुला कळतंय का, दादा? मला नाही कळत. चुकलो म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. म्हणणारही नाहीत, तो शब्द त्यांच्या तोंडात घडवलेलाच नाही. पण काल तुझं जुनं स्टूल माळ्यावरून काढायला सांगितलं. काढून पुसायला लागले तर म्हणाले, "तू नको." स्वतः पुसलं, डाव्या हाताने.

रीळ दोन दिवस झाले जोडताहेत. एका हाताने वायसर धरवत नाहीत. कांद्याच्या सालीएवढे पातळ, निसटतात, घरंगळतात. मी वाकले की म्हणतात, "हात लावू नकोस." दारात उभी राहून मी बघते. सकाळपासून ते सहाच वायसर पुन्हा पुन्हा मांडताहेत आणि सातवा शोधताहेत. सातवा टेबलाच्या उजव्या पायामागे पडलाय, भिंतीच्या कडेला. मला इथून दिसतो. त्यांना दिसत नाही.

मी सांगणार नाही, आणि मी उचलणारही नाही. तो तू येऊन उचल. पत्र मिळताच निघालास तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचशील. माझं तोंड बघायचं नसेल तर दारातून नुसती हाक मार, मी मागच्या खोलीत जाऊन बसेन. त्यांच्या उजव्या बाजूला बस, डावीकडून बोललास तर ऐकू जाणार नाही. शर्टाची खालची तीन बटणं परवापासून उघडीच आहेत, मला लावू देत नाहीत. तेवढी लाव.

माफी मागत नाही. मागायचा हक्क असता तर पहिल्या ओळीत मागितली असती.

जिन्यात तुला 'हो' म्हणाली,
ती